एस्कलेड, नॅव्हिगेटर की ग्रँड वॅगोनियर? ट्रेलर ओढायचाय आणि आईबाबांनाही नीट बसवायचंय

फ्रिस्कोची_मीना

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला असतो. मी, नवरा, दोन मुलं (९ आणि १२), आणि उन्हाळ्यात सासूसासरे पुण्याहून येतात ते चांगले चारपाच महिने राहतात. सध्या टोयोटा हायलँडर आहे. आता नवऱ्याने ओळखीतल्या एकाचा वापरलेला २५ फुटी एअरस्ट्रीम (गाडीमागे ओढायचा, आत राहता येईल असा ट्रेलर) घ्यायचं जवळजवळ नक्की केलंय, त्याच्या पाटीवर कमाल वजन ७,३०० पाउंड लिहिलंय आणि हायलँडर जेमतेम ५,००० ओढते म्हणजे तो विषय तिथेच संपला. तर आता मोठी गाडी. मला कॅडिलॅक एस्कलेड आवडते (खरं सांगायचं तर आतली स्क्रीन बघून), नवरा लिंकन नॅव्हिगेटर म्हणतो आणि त्याचा ऑफिसमधला मित्र म्हणतो की जीपवाल्यांची ग्रँड वॅगोनियर घ्या, दहा हजाराच्या आसपास ओढते, बाकी सगळ्या आठ-साडेआठ हजारातच संपतात.

मुख्य प्रवास म्हणजे डॅलस ते कोलोरॅडो, अमारिलो वरून २८७ ने आणि मग रॅटन पास. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासऱ्यांची कंबर धरते, तर आराम महत्त्वाचा. नवी किंवा २०२२-२३ ची वापरलेली, दोन्ही चालेल. लेक्सस एलएक्स पण मनात होती पण तिची तिसरी रांग बघून मुलांनीच नाक मुरडलं. ज्यांनी खरंच ट्रेलर ओढलाय त्यांनी सांगा प्लीज, यूट्यूब बघून डोकं भंजाळलंय.

बैलगाडीवाला

मीनाताई, सगळ्यात आधी कुठली गाडी किती पाउंड ओढते, तो ८,२०० (एस्कलेड) / ८,७०० (नॅव्हिगेटर) / ९,८५० (ग्रँड वॅगोनियर) चा खेळ बाजूला ठेवा. तुमच्या बाबतीत तो आकडा कामाचाच नाहीये. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबाला पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाता कामा नये. तो पेलोड. या वर्गातल्या गाड्यांत तो साधारण दीड हजाराच्या अलीकडेपलीकडे असतो, आणि गाडी जितकी नटलेली तितका कमी, कारण सनरूफ, मसाज सीट, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या हे सगळं त्यातूनच वजा होतं.

आता हिशोब मांडू. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं, १० ते १५ टक्के पुढे हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) दाबतं, त्याला टंग वेट म्हणतात, ते कमी ठेवलं तर ट्रेलर मागे शेपटासारखा हलायला लागतो म्हणून कमी करायची सोय नाही. ७,३०० चे १२ टक्के धरले तर ८७६ पाउंड. तुम्ही दोघं ३३०, सासूसासरे २९०, मुलं १७०, झाले ७९०. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रेलरचा भार गाडीच्या सगळ्या चाकांवर वाटणारी जोडणी) स्वतःच ९० च्या आसपास. बेरीज १,७५६. आणि यात अजून एक बॅग नाही, कूलर नाही, कुकर नाही, थालीपीठाची भाजणी नाही. म्हणजे गाडी आठ हजार ओढू शकते हे खरं असूनही तुम्ही सहा जण आत बसून सात हजार ओढताना दीड हजाराचा स्टिकर ओलांडून बसलेले असणार.

मित्राला हे पण सांगा की हे टोइंगचे आकडे एसएई जे२८०७ नावाच्या मानकावरून येतात, त्यात गाडीत फक्त दोन माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पाउंडांची. (१५० पाउंडांचा मराठी माणूस चाळिशीनंतर मला तरी भेटलेला नाही.) पुढचं प्रत्येक माणूस, प्रत्येक बॅग त्या आकड्यातून वजा. मानक म्हणून चांगलं आहे, अ‍ॅरिझोनात डेव्हिस डॅमचा चढ एसी फुल ठेवून चढवून बघतात वगैरे, पण तुमचं कुटुंब त्यांनी बसवून बघितलेलं नाही.

म्हणून डीलरकडे गेलात की स्क्रीन नंतर बघा, आधी दार उघडून स्टिकरचा फोटो काढा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत शे-दोनशे पाउंडांचा फरक निघतो.

ठाणेकर_इन_ह्यूस्टन

वरच्या हिशोबाला +१, पण आरामाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहितो. आमच्याकडे एस्कलेड ईएसव्ही आहे, लांब वाली, बोट ओढतो, ट्रेलर नाही.

एस्कलेड २०२१ ला पूर्ण बदलली, मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वरखाली होतं. त्याआधीची घेऊ नका, मागच्या रांगेत बसणाऱ्याला प्रत्येक खड्डा मोजता यायचा. नवीनमध्ये मॅग्नेटिक राइड प्लस एअर सस्पेन्शन असेल तर ती रस्त्यावर चालते की तरंगते कळत नाही, आणि थांबल्यावर गाडी खाली बसते त्यामुळे माझ्या आईला चढायला त्रास नाही. एअर सस्पेन्शन गाडीच्या सगळ्या ट्रिममध्ये (व्हेरियंटमध्ये) येत नाही हं, विचारून घ्या. आणि २२ इंची चाकं दिसायला झकास पण टायरची बाजू इतकी पातळ की ह्यूस्टनच्या खड्ड्यात पाठीला कळतं.

साधी एस्कलेड की ईएसव्ही, तर ट्रेलर ओढायचा असेल तर ईएसव्हीच. साधीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) १२०.९ इंच, ईएसव्हीचा १३४.१. आडवं वारं लागलं, बाजूने मोठा ट्रक गेला की हा फरक हातात जाणवतो. पेट्रोलची टाकी पण २४ ऐवजी २८ गॅलन, आणि ट्रेलर लावल्यावर ९-१० च्या वर मायलेज मिळालं तर देवाला नारळ फोडा. प्रीमियम पेट्रोल घालायला सांगतात तेही धरा हिशोबात.

आता वाईट बाजू. एस्कलेडच्या ६.२ लिटर व्ही८ चा एप्रिल २०२५ मध्ये मोठा रिकॉल निघाला (कंपनीने गाड्या तपासायला परत बोलावल्या), २०२१ ते २०२४ मॉडेल, अमेरिकेत सहा लाखाच्या जवळपास गाड्या, एस्कलेड, युकॉन, सबर्बन, टाहो, सिल्व्हराडो सगळे जनरल मोटर्सच्या (जीएम) एका माळेतले. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडचा दोष, इंजिन चालत्या गाडीत बसू शकतं. तपासणीत दोष निघाला तर इंजिन बदलून मिळतं, नाही निघाला तर जाड तेल, ०डब्ल्यू-४०, घालून देतात. तुम्ही बघताय तीच वर्षं आहेत म्हणून व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉल पूर्ण झालाय का आणि काय केलं, नुसतं तेल की इंजिन, ते कागदावर घ्या. तोंडी नको.

घाटातला_बाब्या

डेन्व्हरहून. नॅव्हिगेटरच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं ना.

ताई तुमचा रस्ता डोंगराचा आहे हे लोक विसरतायत. रॅटन पास ७,८३४ फूट. पुढे आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्याकडे गेलात तर ११,१५८ फूट. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटाला अंदाजे ३ टक्के ताकद सोडतं कारण हवाच विरळ, म्हणजे एस्कलेडचे ४२० घोडे रॅटनला सव्वातीनशेच्या आसपास येतात आणि बोगद्यापाशी अजून चाळीसेक कमी. नॅव्हिगेटरचं ३.५ ट्विन टर्बो व्ही६, २०२२ नंतर ४४० घोडे आणि ५१० पाउंड-फूट टॉर्क, ते टर्बोमुळे वर गेल्यावरही बऱ्यापैकी टिकून राहतं, आणि टॉर्क खालच्या आरपीएमलाच येतो म्हणून चढावर गिअर पाडून किंचाळत नाही. व्ही८ चा आवाज कितीही गोड असला तरी मागे सासूबाई झोपलेल्या असताना ५,००० आरपीएमचा गोडवा नको वाटतो. आणि साध्या ८७ वर पण चालते, ताकद थोडी कमी देते एवढंच.

इंडिपेंडंट सस्पेन्शन नॅव्हिगेटरला २००३ पासून आहे. त्यामुळे तिसऱ्या रांगेची जागा बघा, साध्या नॅव्हिगेटरमध्ये ३६.१ इंच पाय ठेवायला, साध्या एस्कलेडमध्ये ३४.९. ईएसव्ही ३६.६ देते पण ती गाडी तुमच्या गॅरेजमध्ये मावते का ते आधी टेपने मोजा. पुढच्या सीट ३० प्रकारे हलतात, मांड्या वेगवेगळ्या उचलतात, कंबरवाल्यांना हे वरदान आहे पण ते पुढच्या दोघांनाच.

रिव्हर्स घेताना ट्रेलर उलटा वळतो ना, त्यासाठी यांच्याकडे गोल नॉब आहे, ट्रेलर जिकडे न्यायचाय तिकडे नॉब फिरवा, स्टिअरिंग गाडी बघते. कॅम्पग्राऊंडवर नवराबायकोचं भांडण वाचवणारी हीच एक टेक्नॉलॉजी.

दोन गोष्टी जपून. एक, हेवी ड्युटी टो पॅकेज असलेलीच घ्या, नसेल तर ओढायचा आकडा खूप खाली येतो आणि नंतर नुसतं हिच बसवून तो वर येत नाही, त्यात कूलिंग वगैरे असतं. दोन, २०१८-२० च्या काळातल्या ३.५ इकोबूस्टमध्ये थंड सुरू करताना इंजिनमधल्या कॅम फेजर नावाच्या भागाची खडखड गाजली होती, म्हणून २०२२-२३ बघताय ते बरं.

ठाणेकर_इन_ह्यूस्टन

@बाब्या, चढ चढताना टर्बो बरोबर आहे पण उतरताना काय? रॅटनचा उतार कोणी सांगत नाही. तिथे मोठं व्ही८ जरा बरं धरतं.

घाटातला_बाब्या

उतारावर टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठीचा मोड) लावा, वरच गिअर पाडून घ्या आणि ट्रेलरचे ब्रेक नीट सेट करा. दोन्ही गाड्या १० स्पीड आहेत, दोन्ही धरतात. उतारावर खरं सुख हवं असेल तर जीएमचं ३ लिटर डिझेल, त्याला एक्झॉस्ट ब्रेक आहे (इंजिनच गाडीचा वेग धरून ठेवतं), पण एस्कलेडमधून ते २०२५ पासून काढून टाकलं. युकॉन आणि सबर्बनमध्ये अजून मिळतं.

तिरपागडा

मला एक साधा प्रश्न पडलाय, २५ फुटी एअरस्ट्रीममध्ये सहा माणसं झोपणार कुठे?? त्यात सासूसासरे. रात्री दोनला सासरेबुवा बाथरूमला उठले की डायनेटचा (जेवणाच्या टेबलाच्या जागेचा) केलेला बेड ओलांडून जाणार का? तुम्ही ट्रेलर आणि आईबाबा हे एकाच ट्रिपमध्ये धरताय म्हणून ८०-९० हजार, लाखाच्या गाड्या बघताय.

आणि ग्रँड वॅगोनियरबद्दल त्या मित्राला सांगा, १०,००० हा आकडा साध्या वॅगोनियरचा होता, ५.७ व्ही८ वाल्या. २०२२-२३ च्या ग्रँडचा ९,८५०. फरक छोटा आहे पण लोक सांगताना नेहमी दुसऱ्याच गाडीचा आकडा सांगतात. गाडी आतून मात्र खरंच सुंदर आहे, हे मी जीपचा चाहता नसताना म्हणतोय, लाकूड, स्क्रीन, एअर सस्पेन्शन सगळं आहे, आणि त्या वर्षांतलं ३ लिटर हरिकेन इंजिन असेल तर ५१० घोड्यांचं, तेही ट्विन टर्बो म्हणजे बाब्याचा डोंगराचा मुद्दा तिलाही लागू. वापरलेली घेतली तर किंमत एवढी पडलेली असते की पहिल्या मालकाची दया येते. पण गाडी स्वतःच इतकी जड की पेलोडचं पान पुन्हा तेच. बैलगाडीवाल्याचा स्टिकर तिथेही उघडून बघा.

फ्रिस्कोची_मीना

बापरे किती माहिती. धन्यवाद सगळ्यांना.

@तिरपागडा, हसू आलं पण मुद्दा लागला. खरं तर सासूबाई ट्रेलरमध्ये राहणारच नाहीत, त्यांना कमोड हॉटेलचाच हवा. कल्पना अशी होती की आम्ही चौघं ट्रेलरमध्ये आणि ते दोघं जवळच्या लॉजमध्ये, पण जायचं एकाच गाडीतून. 

काल दोन ठिकाणी जाऊन आलो. स्टिकरचे फोटो काढले, एका लांब नॅव्हिगेटरवर दीड हजाराच्या थोडं वर, एका ईएसव्हीवर त्याहून जरा जास्त. सेल्समनला टंग वेट विचारलं तर तो म्हणाला डोंट वरी, ही गाडी घर ओढेल. नवरा गालातल्या गालात हसत होता.

मग प्रश्न असा, की पुढे काय? मोठा ट्रक घ्यायचा का, एफ-२५० वगैरे? त्यात सासूबाईंना चढवायला शिडी लागेल.

बैलगाडीवाला

ट्रक नको. तुमचं उत्तर तुम्हीच दिलंय वर. चौघं + ट्रेलर करा: ८७६ + ५०० + ९० = १,४६६, बॅगा ट्रेलरमध्ये टाका, पण ट्रेलरच्या चाकांच्या वर, पुढच्या टोकाला नाही, नाहीतर टंग वेट वाढतं. पाण्याची टाकी रिकामी न्या, ४० गॅलन म्हणजे ३३० पाउंडांच्या वर जातं, पाणी कॅम्पग्राऊंडवर मिळतं. असं केलं की ट्रेलर ७,३०० ला पोचणारच नाही, साडेसहाच्या आसपास राहील आणि टंग वेटही खाली येईल. मग या तिन्हीपैकी कुठलीही लांब गाडी बसते, थोडी जागा राखून.

आईबाबा असतील ती ट्रिप ट्रेलर घरी ठेवून करा, सगळ्यांनी लॉजमध्ये राहा. मागे ट्रेलर नसताना ती सहा जणांची गाडी म्हणून जी काही सुखाची आहे ना, ते सुख ट्रेलर लावल्यावर तसंही मिळत नाही. हिच घट्ट केल्यावर मागचं सस्पेन्शन धक्के देतंच, कुठलीही कंपनी असो, ट्रेलर मागे उड्या मारतो ते पहिल्यांदा तिसऱ्या रांगेला कळतं.

आणि भरलेला ट्रेलर एकदा ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर नेऊन वजन करा, गाडीसकट आणि गाडीशिवाय. किरकोळ पैसे लागतात आणि सगळ्या अंदाजांचा निकाल लागतो.

मेलबर्नचा_मामा

इकडे ऑस्ट्रेलियात हाच वाद लँडक्रूझर ३०० वर चालतो. ३,५०० किलो ओढते म्हणून सगळे घेतात, मग त्याच्या १० टक्के म्हणजे ३५० किलो बॉलवर आले की गाडीत माणसं आणि सामानाला फार काही उरत नाही. इकडे पोलीस कॅरॅव्हॅन बाजूला घेऊन वजन करतात बरं का, त्यामुळे लोक शिकलेत. तुमच्याकडे कोणी विचारत नाही म्हणून सेल्समन घर ओढून दाखवतो.

विजेचा_खांब

इलेक्ट्रिक एस्कलेड आयक्यू का नाही कोणी सुचवली? साडेचारशे मैलांच्या वर रेंज, ८,००० पाउंड ओढते, डोंगरात हवेचा संबंधच नाही आणि उतारावर बॅटरी भरते. आवाज शून्य.

तिरपागडा

आणि ट्रेलर लावला की ती रेंज निम्म्यावर. मग २८७ वर चिल्ड्रेसला का कुठेतरी चार्जर शोधा, तिथे ट्रेलर लावून गाडी आत शिरत नाही, म्हणून पार्किंगमध्ये ट्रेलर सोडा, चार्ज करा, परत जोडा, तोपर्यंत मुलं एकमेकांचे केस ओढतायत. शहरात फिरायला घ्या खुशाल, झकास आहे.

विजेचा_खांब

ठीक आहे, ट्रेलर जोडा-सोडा मान्य. पण आवाजाचं मी मागे घेत नाही.

फ्रिस्कोची_मीना

आईबाबांची ट्रिप वेगळी, हे घरात सगळ्यांना पटलं, सासूबाईंना सगळ्यात जास्त. आता लांब नॅव्हिगेटर वापरलेली बघतोय, हेवी ड्युटी पॅकेजवाली. ते पॅकेज आहे की नाही हे कसं ओळखायचं? लिस्टिंगमध्ये नुसतं टो हिच लिहितात. आणि दुसऱ्या रांगेत बाक घ्यायचा की दोन वेगळ्या खुर्च्या?

घाटातला_बाब्या

डॅशबोर्डवर ट्रेलर ब्रेक कंट्रोलर आहे का बघा, कंपनीचाच बसवलेला, आणि तो रिव्हर्सचा नॉब. त्यावर विसंबू नका तरी, व्हीआयएन देऊन मूळ विंडो स्टिकर मागा, त्यावर पॅकेजचं नाव लिहिलेलं असतं. नुसता मागे चौकोनी रिसीव्हर दिसला म्हणून पैसे देऊ नका.

दोन वेगळ्या खुर्च्याच. आईबाबांना तिथे बसवा, मधून वाट मिळते म्हणजे मुलं सीट न पाडता मागे जातात, आणि सासऱ्यांना हात टेकायला दोन्हीकडे जागा. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला बसवायचं ते फक्त लग्नाला जाताना.

बैलगाडीवाला

एक राहिलं. वापरलेला ट्रेलर घेताय तर गाडीइतकंच त्याच्या टायरकडे बघा. ट्रेलरचे टायर बहुतेक एसटी (स्पेशल ट्रेलर) प्रकारचे असतात, त्यातले बरेच ६५ मैलांच्या वेगासाठीच बनवलेले, वेगळं लिहिलं नसेल तर तेच धरा. २८७ वर लोक ७५ ने जातात, तुम्ही उजव्या लेनमध्ये ६२-६३ ला राहा, अमारिलोच्या आसपास वारं आडवं लागतं तेव्हा अजून कमी. टायरच्या बाजूला डीओटी नंबर असतो, शेवटचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. पाचसहा वर्षांच्या वरचे असतील तर नक्षी कितीही नवीन दिसो, बदलून टाका आणि ते पैसे ट्रेलरच्या किमतीतून कापून घ्या.

फ्रिस्कोची_मीना

नवऱ्याने आत्ताच मालकाला टायरचा फोटो मागितलाय. १६१७ निघाला. भाव करायला बसतोय शनिवारी.